जुनं लिस्टर इंजिन आणि दहा ठिकाणचे पार्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या आज्यानं ७२ च्या दुष्काळानंतर विहिरीवर सहा हॉर्सपॉवरचं इंजिन बसवलं होतं. पुढं लाईट आली, मोटार आली, इंजिन गोठ्यात गेलं आणि वीसेक वर्षं कडब्याखाली पडून राहिलं. भंगारवाला दर दिवाळीला येऊन भाव विचारून जायचा, आणि दिलं असतं तर जालन्याच्या भट्टीत जाऊन त्याची सळई झाली असती. दिलं नाही. हेड (सिलेंडरचं वरचं झाकण) गेलेलं, एक चाक गायब, पिस्टन जाम, त्यामुळं जिथून जे मिळंल ते आणून जोडलं आणि चालू केलं. तेव्हापासून केजपासून पार किनवटपर्यंतचे लोक फोन करतात आणि प्रश्न तेच असतात, म्हणून हे एकदाचं लिहून ठेवलंय. मी काही इंजिनिअर नाही. चुका करून शिकलोय, त्यातल्या दोन खाली सांगितल्यात.

लिस्टर इंजिन म्हणजे नेमकं कुठलं? आमच्याकडं पण एक काळं धूड पडलंय.

मूळ कंपनी इंग्लंडातल्या डर्स्ली गावची. १९३० च्या आसपास त्यांनी सीएस नावाचं आडदांड, सावकाश फिरणारं डिझेल इंजिन काढलं. आधी ५ एचपी, ६०० आरपीएम, नंतर ६ एचपी, ६५० आरपीएम. एकच उभा सिलेंडर, दोन बाजूंना दोन मोठी चाकं, बोअर (सिलेंडरचा आतला व्यास) साडेचार इंच, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) साडेपाच इंच, म्हणजे साधारण १४३३ सीसी. फोर स्ट्रोक असल्यामुळं ६५० ला मिनिटात सव्वातीनशे ठोके पडतात, सेकंदाला पाच-साडेपाच. शेजारच्या शिवारात चालू असलं तरी ओळखू येतं.

आपल्याकडं विहिरींवर आणि पिठाच्या गिरण्यांवर जी दिसतात ती बहुतेक राजकोटला बनलेली त्याच डिझाईनची इंजिनं. आणि सगळ्या घोळाचं मूळ इथंच आहे. डिझाईन एक पण कारखाने अनेक, आणि ज्यानं त्यानं आपल्या सोयीनं बदल केले, कुणी हेड बदललं, कुणी बेअरिंगच्या जागी बुश टाकला, कुणी इंची नटबोल्ट काढून मेट्रिक लावले. बाहेरून सगळी सख्खी भावंडं दिसतात, आतून चुलत.

नेमप्लेटवर ६ एचपी लिहिलंय, तेवढं सांगून पार्ट मागवला तर चालेल ना?

नाही. प्लेट म्हणजे लग्नातला बायोडाटा. इंजिनाच्या पन्नास वर्षांत किती मिस्त्र्यांनी काय काय बदललं ते प्लेटला माहीत नसतं. हेड काढा आणि मोजा. स्ट्रोक मोजायला पिस्टन वर आणून कॅलिपरच्या खोलीमापानं मोजायचं, मग खाली नेऊन मोजायचं, फरक १३९.७ मिमीच्या आसपास आला तर क्रँक साडेपाच इंचीच आहे. बोअर वर, मध्ये, खाली अशा तीन ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी आडवा-उभा दोनदा मोजा, स्टँडर्ड ११४.३ असतो. लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात फिरतो ती नळी, वरच्या रिंगेच्या जागी जास्त खाल्लेला असतो, तिथं बोटाला कडा लागते. नख अडकायला लागलं तर लायनरचे दिवस भरले समजा.

एक वही करा. खरंच करा. माझ्या वहीला ग्रीस लागून पानं पारदर्शक झालीत पण दुकानात तीच कामाला येते, दुकानदार बॉक्स दाखवतो, मी वही दाखवतो.

पिस्टन जाम आहे, हलतच नाही. घण घालू का?

घण ठेवून द्या. वरून डिझेल आणि थोडं गिअर ऑइल ओतून आठ-दहा दिवस विसरून जा, अधूनमधून चाकाला हात लावून मागंपुढं झटका द्यायचा. आमचं अकराव्या दिवशी गहू दळायच्या जात्यासारखं कर्र करून हललं. तरी नाही हललं तर लायनरसकट सिलेंडर वर उचलून, खालून लाकडी ठोकळा ठेवून ठोकायचं, लोखंडावर लोखंड मारायचं नाही.

पिस्टन एकाचा, हेड दुसऱ्याचं, रिंगा तिसऱ्याच्या. चालतं का सगळं एकत्र?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा, आणि याचं हो-नाहीत उत्तर देणाऱ्या मिस्त्र्याकडं जाऊ नका.

मी पार्टांकडं असं बघतो. काही पार्ट एकटे असतात, कुणाचेही चालतात: डिझेल टाकी, सायलेन्सर, पाईप, हँडल, ऑइलची काठी. काही पार्ट जोडीनं जन्माला येतात आणि ती जोडी फोडायची नाही, फोडली तर दोन्ही गेले: फ्यूल पंपाचा प्लंजर आणि बॅरल, डिझेल फवारणाऱ्या नोझलची सुई आणि तिची बॉडी, कनेक्टिंग रॉड आणि त्याची खालची टोपी, टेपर बेअरिंगचा कप आणि कोन. आणि तिसरा गट, ज्यांची जोडी नव्यानं लावता येते, पण लावावी लागते, आपोआप लागत नाही: पिस्टन-लायनर, रिंग-लायनर, व्हॉल्व्ह-सीट, क्रँक-शेल (शेल म्हणजे रॉडच्या बेअरिंगच्या दोन अर्धगोल पट्ट्या), हेड-पिस्टन, चाक-क्रँक. सगळी मेहनत या तिसऱ्या गटात असते. म्हणून "हा पार्ट चांगल्या कंपनीचा आहे का" हे मी आता विचारतच नाही. ज्याच्यासोबत तो संसार करणार त्याच्या मापाला बसतो का, एवढंच बघतो. दोन चांगल्या कंपन्यांचे दोन चांगले पार्ट एकमेकांसोबत भंगार ठरू शकतात, पुढचा प्रश्न वाचा.

सगळं नवं टाकलं, नोझल चेक केलं, पंप चेक केला, तरी स्टार्ट होईना. हँडल मारून मारून खांदा गेला.

अगदी हेच माझं झालं. हेड एका गिरणीवाल्याच्या मोडलेल्या इंजिनाचं घेतलं, चांगलं होतं, कुठं चीर नाही. पिस्टन किट दुकानातून नवं घेतलं, दुकानदार म्हणला "सहा एचपी लिस्टर ना, बिनधास्त घेऊन जा." दोन दिवस मी, धाकटा भाऊ आणि चुलते आळीपाळीनं हँडल मारत होतो. सायलेन्सरमधून पांढरा धूर यायचा, डिझेलचा वास यायचा, म्हणजे डिझेल जातंय पण पेटत नाही. तिसऱ्या दिवशी परळीकडचे एक म्हातारे मिस्त्री मामा आले, त्यांनी हेड काढायला लावलं, पिस्टनकडं एकदा बघितलं, हेडकडं एकदा बघितलं आणि चहा मागितला. चहा झाल्यावर म्हणले, "बाळा, दोन्हीकडं खड्डा हाय की रं."

गोष्ट अशी आहे. या इंजिनांत दोन जाती निघाल्यात. एका जातीत डिझेल पेटायची जागा हेडमध्ये असते, हेडच्या पोटात वेगळी कोठडी, आणि पिस्टनचं डोकं सपाट. दुसऱ्या जातीत हेड सपाट आणि पिस्टनच्या डोक्यात वाटीसारखा खड्डा, डिझेल थेट त्याच्यावर पडतं. माझं हेड कोठडीवालं होतं आणि पिस्टन वाटीवाला. दोन्ही जागा एकत्र आल्या, हवा दाबली जायला हवी तेवढी दाबलीच जाईना, मग गरम कुठून होणार आणि डिझेल कशानं पेटणार.

हिशोब सोपा आहे. १४३३ सीसी हवा १७ पट दाबायची तर पिस्टन एकदम वर असताना वरती सगळी मिळून नव्वद सीसी जागा पाहिजे. दोन्हीकडचे खड्डे मिळून तीच जागा समजा दीडशे झाली तर दाब साडेदहा पटीवर येतो. तेवढ्यावर थंड डिझेल इंजिन हँडलनं चालू होत नसतंय, खांदा कितीही पैलवानाचा असो.

मोजायचं कसं? मेडिकलमधून ५० मिलीची सिरिंज आणा. हेड उलटं ठेवा, व्हॉल्व्ह आणि नोझल जागेवर असू द्या, कोठडीत डिझेल सोडत जा आणि किती मावतं ते वहीत लिहा. पिस्टनच्या वाटीत पण तसंच. पंधरा मिनिटांचं काम आहे, मी ते आधी केलं असतं तर तीन माणसांचे दोन दिवस वाचले असते.

आणि यातच नोझलचं पण येतं. कोठडीवाल्या हेडला एका भोकाचं पिंटल नोझल लागतं, ते कमी दाबावर उघडतं. वाटीवाल्या पिस्टनला अनेक बारीक भोकांचं नोझल लागतं, ते २०० बारच्या आसपास उघडतं. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, टेस्टरवर लावल्याशिवाय ओळखू नका. म्हणजे हेड, पिस्टन आणि नोझल हे तिघं एकाच जातीचे पाहिजेत, मग कंपन्या तीन असल्या तरी चालतंय.

हेडच्या पॅकिंगनं काय एवढा फरक पडतो?

या बोअरला एक मिलिमीटर जागा वाढली की सव्वादहा सीसी वाढतात. वरच्या हिशोबातले नव्वदचे शंभर झाले की १७ चा दाब १५.३ वर. म्हणजे कुणीतरी दोन पॅकिंगं एकावर एक टाकली आणि त्यात पिस्टनचं डोकं दुसऱ्या कंपनीचं थोडं बुटकं निघालं, की हिवाळ्यात सकाळी इंजिन रुसलंच. उलट पॅकिंग पातळ आणि पिस्टन उंच झाला तर तो हेडला ठोकेल, ते तर अजून वाईट.

यासाठी झाळकामाची शिशाची तार घ्या, दोन-तीन तुकडे पिस्टनवर ग्रीसनं चिकटवा, पिस्टनला रॉडशी जोडणाऱ्या गजन पिनच्या रेषेत ठेवा म्हणजे पिस्टन तिरका होऊन खोटं माप येणार नाही, हेड पूर्ण कसा, चाक हातानं एक फेरी फिरवा, हेड काढून चेपलेली तार मायक्रोमीटरनं मोजा. मी एक ते सव्वा मिमीच्या दरम्यान ठेवलंय. कमी-जास्त करायचं ते सिलेंडर आणि क्रँककेसच्या मध्ये पातळ शिम टाकून किंवा काढून.

रिंगा स्टँडर्ड आणल्या, लायनर नवा, मग मोजायची काय गरज?

बॉक्सवर स्टँडर्ड छापलेलं असतं, आत स्टँडर्ड असतंच असं नाही. रिंग लायनरमध्ये घाला, पिस्टननं वरून ढकलून सरळ करा, तोंडाच्या फटीत फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घाला. दर इंच बोअरला तीन ते चार थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) असा ढोबळ हिशोब धरतात, म्हणजे साडेचार इंचाला १४ ते १८ थाऊ. कमी असली तर गरम झाल्यावर रिंगेची दोन टोकं एकमेकांना भिडतात आणि लायनर ओरबाडला जातो, तेव्हा कानस घेऊन हळूहळू वाढवा. जास्त असली तर दुकानदाराला परत. दुसऱ्या कंपनीच्या रिंगा पिस्टनच्या खाचेत पण घालून बघा, मोकळी फिरली पाहिजे पण खडखडली नाही पाहिजे. पिस्टनवर चढवायच्या आधी बघा, नंतर नाही.

ओतीव लोखंडी पिस्टनच्या जागी ॲल्युमिनियमचा टाकला. आता इंजिन जागेवर थांबत नाही, उड्या मारतंय.

दोन भानगडी होतात.

पहिली वजनाची. जुना पिस्टन लोखंडी असला तर चाकातलं किंवा क्रँकवरचं काउंटरवेट त्या वजनाच्या हिशोबानं असतं. हलका पिस्टन टाकला की तोल बिघडतो आणि इंजिन फाउंडेशन उपटायला बघतं. म्हणून जुना पिस्टन, पिन, रिंगा सगळं किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवून वजन लिहून ठेवा, मग नव्याचं करा. फरक पाव किलोच्या आत असला तर मी फार डोकं लावत नाही, फाउंडेशन दणकट करतो. जास्त असला तर चाकाच्या कडेला वजन बांधून बघायचं, जिथं बरं वाटलं तिथं कायमचं. पण बोल्ट लॉक नटासकट. फिरत्या चाकावरून सुटलेला तुकडा बंदुकीच्या गोळीसारखा जातो.

दुसरी फुगण्याची. ॲल्युमिनियम गरम झाल्यावर लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. शंभर डिग्री तापलं तर साडेचार इंचाचा ॲल्युमिनियम पिस्टन पाव मिमीनं वाढतो आणि लोखंडी लायनर ०.१२ मिमीनं. लोखंडी पिस्टनएवढीच फट ठेवून ॲल्युमिनियमचा बसवला तर थंड असताना झकास फिरेल आणि अर्ध्या तासानं लोडवर आवळेल. म्हणून किटबरोबर लायनर येत असेल तर तोच लायनर वापरा, जुन्या लायनरच्या मोहात पडू नका.

कनेक्टिंग रॉड दुसऱ्या इंजिनाचा मिळालाय, माप बरोबर आहे. बसवू?

माप बघितलंत, शेपूट बघितलंत का? या इंजिनात ऑइल उडवून वंगण होतं. रॉडच्या खालच्या टोपीला एक छोटा डिपर असतो, तो दर फेरीला ऑइलमध्ये बुडतो आणि आतमध्ये फवारा उडवतो. माझी दुसरी चूक ही. भंगारातून आणलेल्या रॉडला डिपर होता पण दुसऱ्या इंजिनाच्या ऑइल पातळीच्या हिशोबाचा, म्हणजे आखूड. ऑइलला जेमतेम टेकायचा. काठीवर ऑइल फुल दिसायचं, म्हणून कुणाच्या डोक्यात आलं नाही. पाऊण तास चाललं, मग खालून गरम तव्यावर पाणी पडल्यासारखा वास आणि ठक ठक. शेल निळा-काळा झाला होता. नशीब क्रँक वाचला, नुसतं पॉलिश करून भागलं.

आता मी साईडचं झाकण काढून, ऑइल भरून, चाक हातानं फिरवून टॉर्च लावून बघतो की डिपर किती बुडतोय. शेलच्या बाबतीत, दोन इंच जाडीच्या जर्नलला (क्रँकचा शेलमध्ये फिरणारा भाग) दोन ते तीन थाऊ फट. क्रँक घासला असेल तर १०, २०, ३० थाऊ कमी मापाचे शेल मिळतात. कुणी म्हणलं पाव मिमीचे आहेत, इंची नाहीत, तर घाबरू नका, दहा थाऊ म्हणजे ०.२५४ मिमी, तिथं फरक पडत नाही. आणि टोपी त्याच रॉडची, त्याच बाजूनं. दोन्हीवर आकडे ठोकलेले असतात, ते समोरासमोर आले पाहिजेत.

अजून एक, क्रँककेस आतून धुवा. धुवा म्हणजे डिझेलनं, ब्रशनं, मग फडक्यानं, मग परत डिझेलनं. जुन्या ओतकामात कोपऱ्याकोपऱ्यात वाळू चिकटून राहिलेली असते आणि त्याच्यावर रंगाचा थर. पन्नास वर्षांनी तो रंग सुटतो आणि वाळू ऑइलमध्ये येते. या इंजिनाला ऑइल फिल्टर नसतो. आमच्यातून एक ओंजळभर निघाली, आई म्हणली दारापुढं टाक, भेगा बुजतील.

बोल्ट चढतोय पण दोन आट्यांनंतर अडतोय.

थांबा, पान्याला पाईप लावू नका. जुने आटे इंची, बीएसडब्ल्यू म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाचे. दुकानातला बोल्ट दुसऱ्याच जातीचा असतो. अर्ध्या इंचाला बीएसडब्ल्यूचे इंचात १२ आटे, यूएनसीचे, म्हणजे अमेरिकन मापाचे, १३. दोन आटे खुशाल जातात, तिसऱ्याला धरतो, आणि तुम्ही जोर लावला की क्रँककेसमधले आटे गेले. आणि १२ एमएमचा बोल्ट अर्ध्या इंचाच्या भोकात ढिल्ला बसतो, तो कसला असं वाटतं आणि धडधडीनं निघतो. आटे मोजायचं थ्रेड गेज नसेल तर एक चांगला जुना बोल्ट खिशात ठेवा, दुकानात दोघांचे आटे एकमेकांत बसवून उजेडाकडं धरा. फटीतून उजेड आला की परत ठेवा.

चाक दुसऱ्या इंजिनाचं बसवलं तर?

आमचं तसंच आहे, डावं मूळचं, उजवं आणलेलं. तीन गोष्टी बघायच्या.

आणलेल्या चाकावर कुणीतरी छिन्नीनं टीडीसीची (पिस्टन एकदम वर असतानाच्या जागेची) खूण केलेली असते, तिच्यावर विश्वास ठेवू नका, ती त्या इंजिनाची आहे. आपली नवी करा. हेडच्या भोकातून पिस्टन अडेल असा बोल्ट घाला, चाक एका बाजूनं अडेपर्यंत फिरवा, खूण करा, उलट्या बाजूनं अडेपर्यंत फिरवा, खूण करा, दोन्ही खुणांचा बरोबर मध्य म्हणजे टीडीसी. बोल्ट काढायला विसरू नका.

चावीचा, म्हणजे चाक शाफ्टवर पक्कं धरणाऱ्या पाचरीचा, उतार तपासा. चावीला निळा रंग किंवा कुंकवाचं ओलं बोट लावून चाकात घाला, काढा, पूर्ण लांबीभर डाग पडला पाहिजे. नुसत्या एका टोकाला धरलेली चावी महिन्याभरात ढिल्ली होते आणि चाक शाफ्टवर डुलायला लागतं. डुलणारं चाक दिसलं की ताबडतोब बंद, "एवढं भिजवून घेतो मग बघू" नको.

तिसरी, वेग. काड्यांचं चाक ६५० साठी आहे. लोक पंपाला जास्त पाणी पाहिजे म्हणून गव्हर्नरची (वेग आवरणाऱ्या यंत्रणेची) स्प्रिंग आवळून इंजिन हजारावर नेतात. चाकावरचा ताण वेगाच्या वर्गानं वाढतो, ६५० चं १००० केलं तर सव्वादोन पटीपेक्षा जास्त. ओतीव लोखंड आधी सांगत नाही, सरळ फुटतं. पाणी जास्त पाहिजे तर पुली बदला, इंजिनाला पळवू नका. पंप १४५० चा आणि इंजिन ६५० चं, इंजिनाला १४ इंची पुली असली तर पंपाला सव्वासहा इंची लागते.

टायमिंग कसं लावायचं? मशीन नाही आमच्याकडं.

मशीन लागत नाही, शिलाईचा टेप लागतो. ६५० आरपीएमला डिझेल टीडीसीच्या साधारण २० अंश आधी सुटायला पाहिजे. चाकाचा घेर टेपनं मोजा, १८ नं भागा, आलेलं अंतर टीडीसीच्या खुणेपासून आधीच्या बाजूला मोजून दुसरी खूण करा. पंपाचा हाय प्रेशर पाईप काढा, डिझेल चालू ठेवा, तोंडाशी डिझेलचा थेंब फुगलेला दिसेल. कॉम्प्रेशनच्या फेरीत चाक मुंगीच्या वेगानं फिरवा. थेंब ज्या क्षणी हलतो तिथं दुसरी खूण आली पाहिजे. नाही आली तर पंपाखालचा टॅपेट बोल्ट वर करा म्हणजे लवकर सुटतं, खाली करा म्हणजे उशिरा. दुसऱ्या कंपनीचा पंप बसवला की हे परत करायचंच, पंपाची उंची अर्ध्या मिमीनं वेगळी असली तरी टायमिंग सरकतं.

पहिल्यांदा चालू करताना काय काळजी?

हवा ओढायच्या तोंडावर घट्ट बसेल अशी एक फळी जवळ ठेवा. गव्हर्नरची स्प्रिंग किंवा पंपाचा रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी दांडी) दुसऱ्या इंजिनाचा असेल तर रॅक अडकून इंजिन सुसाट सुटू शकतं, कधीकधी आतलं ऑइलच जाळत पळतं, मग डिझेल बंद करून उपयोग नसतो. हवा तोडली की मरतं. हात लावायचा नाही, फळीच.

डिकम्प्रेशन लिव्हर (सिलेंडरमधला दाब सोडणारी) उचला, हँडल धरताना अंगठा बाकी चार बोटांच्याच बाजूला ठेवा, उलटा झटका आला तर हँडल सुटून जाईल आणि मनगट वाचेल. चाकं जोरात आली की लिव्हर सोडा. चालू झालं की नाचू नका, आधी ऑइल बघा. अर्धा तास बिनलोड, थंड झाल्यावर हेडचे नट परत कसा, दहाएक तासांनी ऑइल बदला, पन्नासाला परत. ते पहिलं ऑइल पांढऱ्या ताटलीत ओतून चुंबक फिरवा, काय काय झिजतंय ते तिथंच कळतं.

विहिरीचं गार पाणी सरळ इंजिनातून सोडलं तर थंड राहील ना?

फार थंड राहतं, तीच अडचण आहे. बोअर कधी तापतच नाही, डिझेल नीट जळत नाही, रिंगा लवकर जातात. बाहेर येणाऱ्या पाण्यात बोट जेमतेम ठेवता येईल एवढं गरम हवं. पाणी चिमटा लावून कमी करा नाहीतर एक पत्र्याची टाकी उंचावर ठेवा, गरम पाणी आपोआप वर चढतं, गार खाली येतं, पंप लागत नाही. आणि आपल्याकडच्या बोअरवेलच्या पाण्यात क्षार किती ते घागरीच्या बुडाला बघा. तोच थर सिलेंडरच्या बाहेरून बसतो. बांधायच्या आधी लिंबूसत्व कोमट पाण्यात कालवून आतून धुवून घ्या, मग साध्या पाण्यानं भरपूर.

धूर कुठला कशाचा?

पांढरा आणि डोळे झोंबणारा म्हणजे डिझेल न जळता येतंय: दाब कमी किंवा टायमिंग उशिरा. काळा म्हणजे लोड जास्त नाहीतर नोझल थुंकतंय. निळा म्हणजे ऑइल जळतंय, रिंगा बघा. पांढरा पण वासाशिवाय आणि ओला, तर पाणी आत येतंय, पॅकिंग बघा.

सोलर पंप मिळतोय आता, मग हा खटाटोप कशाला?

सोलर घ्या की, आमच्याकडं पण अर्ज टाकलाय. इंजिनानं पाणी काढणं डिझेलच्या भावात परवडत नाही, खोटं कशाला सांगू. मी त्याच्यावर कडबा कुट्टी चालवतो आणि लाईट नसली की कधी दळण. बाकी हौस.

तुमचं इंजिन आता एकदम परफेक्ट आहे का?

नाही. उजवं चाक डाव्यापेक्षा तीन किलो जड आहे, त्यामुळं साडेपाचशेच्या आसपास एकदा अंग झटकतं आणि मग शांत होतं. पितळी कॉकमधून दिवसाला सात-आठ थेंब डिझेल गळतं, त्याच्याखाली आज्याची जुनी जर्मनची वाटी ठेवलीय, भरली की परत टाकीत.